डोळ्यांना कळणारा दोरा

गळाचा आठ पौंडी दोरा, म्हणजे आठ पौंडांची ओढ सोसणारा, होलिसने एप्रिलमध्येच रिळावरून उतरवला. डॉगवुडची झाडं फुलली की मासे काठाला येतात, आणि त्या दिवसांत टेबल रॉकच्या तलावात आंधळ्यालाही मासा लागतो म्हणतात. होलिसला लागला नाही.

"जाड आहे," तो म्हणाला. "पाणी बघ, काच नुसती. माशांना सगळं दिसतं."

सहा पौंडी उन्हाळा लागेपर्यंत टिकला.

"हा ताणतो फार. तळाशी मासा तोंड लावतो, ते वर कळेपर्यंत तो जेवूनखाऊन घरी गेलेला असतो."

पाच पौंडी ऑरिनच्या दुकानात नसतो, खास मागवावा लागला.

मग चार. त्याच्या बायकोने, व्हेल्डाने, तो खिडकीतल्या उजेडात धरला, तेव्हा बोटांत काही आहे की नाही हेच तिला कळेना.

चारच्या खाली ह्या तलावात कोणी उतरत नाही. धरण बांधलं तेव्हा अख्खी दरी झाडांसकट पाण्याखाली गेली. सीडरची ती झाडं अजून तळाशी उभीच्या उभी आहेत, आणि चार पौंडी दोरा त्यांच्या फांदीला नुसता घासला तरी तुटतो. खाली वाट उरली नाही म्हणून होलिस बाजूला वळला आणि विणलेला दोरा घेऊन आला. रेशमासारखा मऊ, सुरीसारखा धारदार.

तो वापरला त्या दिवशी दुपारी होडीच्या पांढऱ्या फळीवर लाल थेंब दिसले.

"हे रक्त कुठून आलं?" होलिस म्हणाला. "मासा तर एकही नाही."

व्हेल्डा मागच्या खुर्चीवरून उठली. तिने त्याचा उजवा हात हातात घेतला. पहिल्या बोटाचं पेर दोऱ्याने उभं चिरलं होतं. तिने कागदी रुमाल गुंडाळला, वर चिकटपट्टी लावली. तो तिच्याकडे बघत राहिला. बोट कुणा दुसऱ्याचं असावं तसा.

"वाईट दोरा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "वाईटच."

~

होलिसची मासेमारी हळव्या हाताची. बोटभर रबरी अळी, वाटाण्याएवढं शिसं, बारीक दोरा आणि भरपूर धीर. हिसका नाही, खेच नाही. बास मासा अळी ओढून घेतो आणि आवडली नाही तर लगेच थुंकतो. त्या दोन्हींच्या मध्ये दोऱ्यातून एक टिचकी वर येते, एवढीच काय ती बातमी. दोरा पहिल्या बोटाच्या पेरावर टेकवून धरायचा आणि वाट बघायची. खाली खडा लागला, काटकी लागली की मासा, हे होलिस त्या पेरावर ओळखायचा. मासा असेल तर कुठल्या जातीचा, तेही सांगायचा. लोक पैजा लावून हरायचे.

हिवाळ्यात त्याला केमो दिली. दुखणं मागे हटलं. बोटांतली जाण गेली ती मात्र आलीच नाही.

हे व्हेल्डाला ठाऊक होतं. होलिसलाही ठाऊक होतं. एकमेकांना ठाऊक आहे हेसुद्धा बहुधा दोघांना ठाऊक होतं. पण तपासणीला गेले की नर्स विचारायची,

"बोटांना मुंग्या येतात का, होलिस? बधिर वाटतात?"

"छे."

"बटणं लावता येतात?"

"मी आता टिचबटणांचेच शर्ट घालतो."

"ते का?"

"रुबाब येतो."

नर्स हसायची. व्हेल्डा मांडीवरच्या पर्सची चेन उघडायची आणि लावायची.

~

जुलैत दुकानात ऑरिन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काय होलिस, परत दोरा? नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले. होलिस सगळ्यांत मोठ्याने हसला. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली आणि बराच वेळ फिरवली नाही.

~

ऑक्टोबरातली सकाळ. व्हेल्डाने पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतली आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. त्याने काटा उचलला, परत ठेवला.

"आता एकच दोरा बघायचा राहिलाय," तो म्हणाला. "तो तू निवड."

"मी?"

"माझे सगळे करून झाले. तुझाही नाही चालला, तर दोष दोऱ्याचा नाही. मग होडी क्लीटसला देऊन टाकतो. केव्हापासून मागे लागलाय."

क्लीटस म्हणजे व्हेल्डाच्या बहिणीचा मुलगा. होडीला तो आतापासूनच 'आमची' म्हणत असे.

"आणि आपण काय करायचं?"

"पोर्चवर बसायचं. लोक बसतात की."

व्हेल्डाने त्याला पोर्चवर बसवून पाहिलं, मनातल्या मनात. जमेना. घरातला होलिस फार बोलत नसे. मीठ दे, दार लाव, टीव्हीचा आवाज कमी कर, झालं. होडीत मात्र तो बोलायचा. तिच्याकडे पाठ करून, पाण्याकडे बघत, एकामागून एक. आईबद्दल, मेलेल्या भावाबद्दल, मूल झालं नाही त्याबद्दलही एकदा. त्यांचं लग्न चर्चमध्ये लागलं असेल, पण संसार त्या होडीत झाला होता. होडी गेली तर दोन खुर्च्या उरणार. एक त्याची, एक तिची, आणि मधे काहीच नाही.

"ग्रेव्ही निवतेय," ती म्हणाली. "निवडते मी."

~

"ये गं व्हेल्डा. आज एकटीच?"

"तो गवत कापतोय. ऑरिन, दोरा दाखव."

"आता कुठला? सगळे नेऊन झाले त्याचे. थांब, हा बघ, नवा आलाय. टोकाला माशी बसली तरी बोटात वीज शिरल्यासारखं कळतं."

"बोटात नको."

"म्हणजे?"

"तुझ्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा कुठला?"

"न दिसणारा म्हणायचंय तुला."

"दिसणारा, ऑरिन."

"अगं, माशाला दिसला तर..."

"माशाला नाही. माणसाला. होडीत बसल्या बसल्या माणसाला दिसला पाहिजे. हलला तर कळलं पाहिजे."

"होलिसला?"

"असा बघू नकोस. आहे की नाही?"

"पिवळा आहे. क्रॅपी मासे धरणारे म्हातारे नेतात. पण होलिस तो होडीत चढू देणार नाही, व्हेल्डा. तुलाही ढकलून देईल त्याच्याबरोबर."

"मला पोहता येतं. दे."

"केव्हापासून गं?"

"दे ना तो दोरा."

"मी त्याला सगळ्यांसमोर काय बोललो ते आठवतंय मला."

"तोही हसला होता की. राहू दे. आणि हे बघ, तू कुणाला..."

"मी कुणाला काय सांगणार? एका बाईने पिवळा दोरा नेला. ह्यात सांगण्यासारखं काय आहे?"

~

पिवळा दोरा तिने होलिसच्या रिळावर चढवला नाही. स्वतःच्या रिळावर चढवला. पाणवठ्यावर होडी गाडीमागून उतरवताना तो त्याच्या नजरेला पडला.

"हे काय आहे?"

"दोरा."

"हा दोरा? ह्याने शेताला कुंपण घालतात."

"बारीकच आहे, सहा पौंडी. हात लावून बघ."

त्याने हात लावला नाही. "हा क्रॅपीवाल्या म्हाताऱ्यांचा दोरा आहे, व्हेल्डा."

"मग मी कोण, चर्चमधली करवली?"

"माझ्यासाठी तू हा निवडलास?"

"आधी मी बघते. चालला तर तुला देते. तोवर तुझा चार पौंडी आहेच, परत चढवलेला."

"मासे हसतील आपल्याला."

"हसू देत. हसायला तोंड तरी उघडतील."

त्याच्या मिशीचं एक टोक हललं. पण तो हसला नाही. होडी पाण्यात सरकली.

~

दगडगोट्यांची एक जीभ काठापासून निघून पाण्यात खोल उतरते, तिथे ते थांबले. टेकड्या लाल झालेल्या, वारा नाही. होलिस पुढे उभा, पायाखाली छोट्या मोटरचं पेडल. व्हेल्डा मागे. मागच्याने नेहमी पुढच्याने वापरून झालेल्या पाण्यात गळ टाकायचा असतो, आणि इतक्या वर्षांत तिची त्याला ना नव्हती. मागून सगळं दिसतं.

आताही दिसत होतं. सकाळचं ऊन तिरपं होतं, आणि होलिसचा तो केसाएवढा दोरा पाण्यात शिरत होता तिथे एक चकाकी होती. ती चकाकी थरथरली. थांबली. मग डावीकडे सरकायला लागली, वाऱ्याविना, अगदी आपणहून.

होलिस टेकडीकडे बघत होता. पेरावर दोरा टेकलेला होता. पेराला काही माहीत नव्हतं.

व्हेल्डाने तोंड उघडलं आणि

~

नियम तिनेच केला होता.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. भाड्याची पत्र्याची होडी, आणि पुढून होलिसचं अखंड चालू, "लागला! अगं लागला! ओढ! आता नको! आता ओढ!" शेवटी व्हेल्डाने गळाची काठी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "एवढं कळतंय तर माझी काठीही तूच धर. मी पुस्तक वाचते." दुपारभर तिने वाचलं. संध्याकाळी काठ यायच्या आत करार झाला. ज्याच्या हातात काठी, त्याचाच मासा आणि त्याचीच टिचकी. दुसऱ्याला दिसलं तरी त्याने बोलायचं नाही. बोलणं म्हणजे समोरच्याला आंधळा म्हणणं.

तेव्हापासून तो कधी बोलला नाही. ती दहा वेळा चुकली, झोपेत पेंगली, मासे सोडून दिले, पण तो एका शब्दाने बोलला नाही.

~

आणि मिटलं.

चकाकी सरळ झाली. खाली कुणीतरी अळी थुंकून निघून गेलं होतं. होलिसने रीळ फिरवून गळ वर घेतला, अळी बघितली. शेपटीकडे ती जरा वर सरकलेली होती. त्याने ती नीट केली आणि परत टाकली.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच. ह्या वेळी व्हेल्डाने मान वळवली. बघितलंच नाही तर गप्प बसावं लागत नाही.

"भूक लागली का?" ती म्हणाली.

"काय आणलंस?"

"काय आणणार? व्हिएन्ना सॉसेज आणि खारी बिस्किटं."

तिने आपली काठी काखेत दाबली. अळी तळाशी कुठेतरी पडून राहिली, पिवळा दोरा पाण्यावर सैल वेटोळं करून तरंगत होता. तिने पिशवीतून डबा काढला आणि पत्र्याची कडी नखाने उचकटायला लागली. झाकण अर्धंच उघडलं. डब्यातलं पाणी बोटांवर सांडलं.

होलिस बिस्किटासाठी वळला. हात पुढे केला. आणि तसाच राहिला, पुढे केलेल्या हाताने, तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत.

पाण्यावरचं वेटोळं उलगडत होतं. सावकाश, मांजर लोकरीचा गुंडा घेऊन चाललं असावं तसं.

"व्हेल्डा."

"थांब, ही कडी..."

"व्हेल्डा! लागलाय! अगं लागलाय तुला, उचल! उचल ना!"

सॉसेज होडीभर घरंगळले. व्हेल्डाने काठी उचलली तेव्हा ती मुळापर्यंत वाकली. मासा सीडरांच्या दिशेने पळाला. होलिस पुढची जागा सोडून मागे आला, एक सॉसेज चिरडून आला, आणि तिच्या कानाशी उभा राहून ओरडत होता, "सोड त्याला, सोड, पळू दे जरा! आता घे! अगं हळू, फांदी आहे तिकडे!" सगळं, सगळं बोलला. इतक्या वर्षांचं साठलेलं.

जाडजूड केंटकी बास होता, हिरवट अंगावर काळे ठिपके. व्हेल्डाने त्याला खालच्या जबड्याशी अंगठ्याने धरून उचललं. गळ सोडवून परत पाण्यात सोडलं. मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले. होलिस धापा टाकत होता.

"मी बोललो," तो म्हणाला.

"ऐकलं मी. पलीकडच्या काठानेही ऐकलं असेल."

"तुला कळलं नव्हतं?"

"माझे हात डब्यात होते."

"मला दिसलं. तिथून." त्याने पुढच्या टोकाकडे बोट केलं, ते चिकटपट्टीच्या खुणेचं बोट. "तिथून दिसलं मला, व्हेल्डा. स्पष्ट."

"पिवळा आहे ना."

तो होडीच्या काठावर बसला. त्याची काठी पुढे आडवी पडली होती, तिचा दोरा पाण्यात गेला होता की नव्हता कोण जाणे. तो त्या दिशेने बघत राहिला आणि व्हेल्डाला कळलं की आता तो विचारणार. खोटं बोलायला तिच्याकडे एक श्वास होता. तिने तो नुसताच घेतला.

"मागून माझा दोरा दिसतो तुला?"

"ऊन तिरपं असलं तर."

"आज आहे तिरपं."

"आहे."

"मग?"

"दोनदा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. सॉसेज उचलला, बघितला, पाण्यात टाकला.

"आणि उन्हाळ्यात?"

तिने रिकामा डबा पिशवीत ठेवला.

"केव्हापासून?"

"डॉगवुड फुलल्यापासून."

"आणि तू गप्प बसलीस."

"नियम होता."

"तुझाच होता तो!"

"माझाच, म्हणून तर. मी कुठल्या तोंडाने मोडू?" तिचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. "आणि तू? त्या बिचाऱ्या नर्सला रुबाब दाखवतोस. माझ्यासमोर. मी काय बोलायचं तिथे? हा खोटं बोलतोय म्हणून सांगायचं?"

"सांगायचं."

"तू सांगायचं होतंस, होलिस."

पाणी होडीला हलकं थापटत होतं. दूर कुणाची तरी मोटर सुरू झाली, टेकडीआड गेली. होलिस हातांकडे बघत होता. तळवे उलटे केले, सुलटे केले.

"मला वाटलं, मासे येतच नाहीत माझ्याकडे," तो म्हणाला. "मला वाटलं, औषधाचा वास येतोय अंगाला. पाण्यातही येत असेल."

व्हेल्डाला हे माहीत नव्हतं. एवढं सगळं माहीत असून हे माहीत नव्हतं. बोटं त्याला कळली होती, पण बोटांच्या मागे त्याने आणखी एक दार लावून घेतलं होतं, आणि त्या दाराआड तो अख्खा उन्हाळा एकटा बसला होता.

ती त्याच्याजवळ सरकली. होडी एका अंगाला कलली.

"येत होते," ती म्हणाली.

"खरं?"

"सारखे येत होते. रोज. मला राग यायचा, माझ्याकडे एवढे येत नाहीत."

"किती?"

"मोजले नाहीत."

"खोटारडी."

"बरं. खूप. तू हसशील इतके."

तो हसला नाही. त्याने टोपी काढली, डोळे बाहीने पुसले, टोपी घातली. मग नाक ओढून म्हणाला, "मूर्ख कुठले. एवढ्या वेळा येऊन परत जायचं."

"हो ना."

"तुझी काठी दे."

"घे."

"पण असा नागडा पिवळा मी टाकणार नाही. टोकाला हातभर माझा पारदर्शक जोडणार. मी काही क्रॅपीवाला नाही."

"नाहीसच."

त्याने आपला चार पौंडी दोरा हातभर तोडला आणि पिवळ्याशी जोडायला घेतला. दोन टोकं एकमेकांभोवती गुंडाळून ओवायची असतात. टोक निसटलं. त्याने परत धरलं. आपण धरलंय असं त्याला वाटत होतं, आणि टोक केव्हाच गुडघ्यावर पडलेलं होतं. व्हेल्डाने हात मांडीखाली दाबून धरले. तिसऱ्यांदा टोक पडलं तेव्हा तो थांबला.

"हातात काय आहे ते मला कळत नाही," तो म्हणाला. शांतपणे. पाणी थंड आहे म्हणावं तसं.

"दे इकडे."

तिने चष्मा नाकावर ओढला आणि वेढे घातले. टोकं ओवली. गाठ अजून सैल होती, तांदळाएवढी, तिच्या दोन बोटांच्या चिमटीत.

"ओली कर," ती म्हणाली. "कोरडी ओढली तर घासून जळेल. माझं तोंड सुकलंय."

तो वाकला. तिच्या बोटांतली गाठ त्याने ओठांत घेतली, जिभेने भिजवली. व्हेल्डाने दोन्हीकडून सावकाश ओढलं. त्याचे ओठ तसेच राहिले, तिच्या बोटांना टेकलेले. डोळे मिटलेले.

"बसली," तो ओठांतून म्हणाला.

"कळलं तुला?"

"इथे कळलं." मग त्याने ओठ सोडले. "ह्यांना काही झालेलं नाही."

"ते मला माहीत आहे, म्हाताऱ्या," व्हेल्डा म्हणाली, आणि उरलेलं टोक दातांनी तोडलं.

होलिसने तिच्या काठीला आपली अळी लावली. म्हणजे तिने लावली, त्याने कुठून टोचायचं ते सांगितलं. तो पुढे गेला नाही. मागेच तिच्याशेजारी उभा राहिला आणि गळ गोट्यांच्या जिभेच्या टोकावर टाकला. पिवळा दोरा हवेत लकाकला, पाण्यावर पडला, हळूहळू बुडत गेला. दोघं बघत राहिले.

"क्लीटसला काय सांगायचं?" व्हेल्डाने विचारलं.

"सांग, पोर्चवर जागा आहे. हवं तर येऊन बस."

दोरा थरथरला.

व्हेल्डाला दिसलं. होलिसला दिसलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, तो तिच्याकडे बघत नव्हता. दोरा थांबला, आणि उजवीकडे निघाला.

"बोलू नकोस," होलिस म्हणाला.

"मी कुठे बोलले?"

त्याने काठी उचलली. फार लवकर. गळ रिकामाच उसळून वर आला आणि होडीच्या अंगावर टिचकन आपटला.

"घाई केलीस," ती म्हणाली.

"केली," तो म्हणाला, आणि अळी ठीक करून घ्यायला गळ तिच्यापुढे धरला. "पण बघितलंस ना? मला दिसला."